निरोगी क्रमांक एक

मी मुलाखतीला गेले तेव्हा सरांनी माझ्या चेहऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही. प्रमाणपत्रांची फाइल न उघडता बाजूला सारली आणि म्हणाले, "चालून दाखवा."

"कुठे?"

"दारापर्यंत. त्या फरशीच्या सांध्यावरून. एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत. मग परत."

संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेली मी, कडक इस्त्रीच्या साडीत, सर्कशीतल्या तारेवरच्या बाईसारखी दारापर्यंत गेले आणि परत आले. सर खुर्चीत पुढे वाकून माझ्या पायांकडे बघत होते.

"ठीक आहे. सोमवारी या."

"अहो सर, पण विषयातलं काही विचारणार नाही का?"

"गणित येत नसेल तर पंधरा दिवसांत कळेल. हे कळायला कधी कधी वीस वर्षं लागतात."

माणूस विक्षिप्त आहे, असं मी घरी जाऊन सांगितलं. ते खरंच होतं. विक्षिप्तपणाला कारण असू शकतं, हे ध्यानात यायला मात्र मला पाच वर्षं लागली.

आमची संस्था पुण्यात एका टेकडीच्या पायथ्याशी आहे. अर्धी इमारत संशोधनासाठी आणि अर्धी सत्कारांसाठी. सर संशोधनाच्या बाजूला बसत. त्यांचा विषय होता अटॅक्सिया, त्यातही घराण्यातून येणारा. यात लहान मेंदू हळूहळू झिजतो. चालताना पाय फाकतात, तोल जातो, जीभ जड होते, अक्षर बिघडतं, तोंडाकडे नेलेला घास गालाला लागतो. डोकं मात्र शाबूत असतं, म्हणजे हे सगळं होताना माणसाला नीट बघता येतं. आई किंवा वडिलांना असला तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. बहुतेकांना तो चाळिशीच्या आसपास गाठतो, लग्न आणि मुलंबाळं होऊन गेल्यावर. औषध नाही.

सर या रुग्णांना एमआरआयच्या बोगद्यात निजवून मेंदूच्या जोडण्या मोजत. जोडण्या म्हणजे काय, हे मला त्यांनी पहिल्याच दिवशी एका वाक्यात सांगितलं. "लग्नाच्या पंगतीत दोन माणसं एकाच वेळी हसली आणि एकाच वेळी गप्प झाली, तर त्यांची आपसात ओळख असणार. मेंदूच्या दोन भागांचंही तसंच." लहान मेंदूची मोठ्या मेंदूशी असलेली ओळख किती राहिली आहे, हे आकड्यांत काढणं माझं काम. तुलनेसाठी तेवढीच निरोगी माणसं घेतली होती. रुग्णांना 'रु' आणि निरोग्यांना 'नि' असे क्रमांक होते. नि-१ म्हणजे खुद्द सर. पहिला स्वयंसेवक मिळेना, म्हणून ते स्वतःच बोगद्यात झोपले होते.

ते कोणालाच नावाने हाक मारत नसत. रक्ताचे नमुने घेणाऱ्या मुलीला 'रक्त', मशीन चालवणाऱ्या तंत्रज्ञाला 'चुंबक' आणि मला 'आकडे'. "काय आकडे, काय म्हणतात आज?" असं सकाळी दारातून विचारत. मी लग्नाची पत्रिका दिली तेव्हा वरचं नाव वाचून त्यांनी विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, मी. स्वतःचं लग्न त्यांनी केलं नव्हतं. कोणी कारण विचारलं तर म्हणत, "जमलं नाही," आणि पुढच्या माणसाला चालून दाखवायला सांगत.

सकाळी अकरा वाजता ते स्वतः कँटीनमध्ये चहा आणायला जात. कँटीन इस्माईलभाई चालवायचे. कँपातलं जुनं घर, तीन पिढ्या हाच धंदा, आणि बोलणं एकदम कमी. सर कप पुढे करायचे.

"पूर्ण."

"सर, सांडेल."

"सांडला तर माझा सांडेल. काठापर्यंत भरा. बशी नको."

मग तो काठोकाठ भरलेला कप घेऊन सर दोन पायऱ्या चढून, व्हरांडा ओलांडून आपल्या खोलीत जात. त्या वेळेला व्हरांड्यातली माणसं भिंतीला चिकटून उभी राहायची. नवीन माणसाला वाटे की हा काही मानाचा प्रकार असावा. खोलीत पोचल्यावर सर खाली फरशीकडे एकदा बघत आणि मगच चहा पीत. तोवर तो गार झालेला असे.

बोगद्यात झोपलेल्या माणसाने पंधरा मिनिटं काहीच करायचं नसतं. हलायचं नाही, डोळा लागू द्यायचा नाही, मुद्दाम काही आठवायचं नाही. मेंदू रिकामा असताना त्याचे भाग आपसात काय बोलतात, तेच मोजायचं असतं. माणूस बाहेर आला की सर त्याला विचारत, "आत काय विचार केलात?" आणि उत्तर एका लांबट रजिस्टरात लिहीत. अभ्यासाशी या रजिस्टराचा काही संबंध नव्हता. मी एकदा म्हटलं, "सर, याचं विश्लेषण कसं करायचं?" म्हणाले, "करायचं नाही. विचारायचं." एकाने लिहवलं होतं, 'गॅस बंद केला का.' एका म्हाताऱ्या बाईंनी, 'सुनेला बोलले ते जास्त झालं.' सरांच्या स्वतःच्या स्कॅनपुढे दर वेळी दोनच शब्द असायचे: 'काही नाही.'

आत बघायला मात्र सगळ्यांना एक ठिपका होता. त्या ठिपक्याचा इतिहास आमच्या संचालकांशी जोडलेला आहे.

मशीन आलं तेव्हा संचालकांना त्याची पूजा करायची होती, तीही यंत्राच्या खोलीत, छायाचित्रकारासह. त्या खोलीत चुंबक कायम चालू असतं, लोखंडाचं काहीही खेचून घेतं. सरांनी लेखी कळवलं की समई, निरांजन, ताम्हन सगळं पितळेचं चालेल, बाकी धातू दाराबाहेर. संचालकांच्या कचेरीला जुनं पितळी तबक फोटोत बरं दिसेना. त्यांनी नवंकोरं चकचकीत स्टीलचं ताट आणलं. संचालक "आज संस्थेच्या इतिहासात" एवढं म्हणाले आणि ताट त्यांच्या हातून सुटून बोगद्यात गेलं. कोणाला लागलं नाही. अक्षता सगळ्यांच्या अंगावर पडल्या, त्यामुळे क्षणभर कार्यक्रम ठरल्याप्रमाणेच चाललाय असं वाटलं. ताट काढायला दीड दिवस लागला. बोगद्याच्या छताला कुंकवाचा एक ठसठशीत डाग तेवढा राहिला. सफाईवाला फडकं घेऊन आला तर सरांनी त्याला दारातच अडवलं.

"पुसू नका. लोकांना आत बघायला काहीतरी पाहिजेच होतं."

तेव्हापासून प्रत्येकाला सूचना एकच होती. वरच्या लाल ठिपक्याकडे बघत राहा.

सोपानराव आमचे रु-नऊ. फुरसुंगीकडचे, जमीन रस्त्यात आणि इमारतींत गेलेली. मार्केट यार्डात कांद्याच्या एका आडत्याकडे ते वीस वर्षं मापाडी होते. पाय लडखडायला लागले तशी आडत्याने त्यांना दारुड्या ठरवून काढलं. ते स्वतः घोट घेत नव्हते. पण भर सकाळी झोकांड्या खात, अडखळत बोलणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवतो? त्यांच्या बायकोने, शालनबाईंनी, हे आमच्याकडे सांगितलं तेव्हा सर हातातला पेन खाली ठेवून उठले. मला म्हणाले, "आकडे, चला."

मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत आम्ही त्या गाळ्यावर गेलो. सरांनी संस्थेचं पत्र आडत्यापुढे ठेवलं. आडत्याने ते उलटं धरलं, सुलटं केलं आणि म्हणाला, "साहेब, असले कागद लई बघितलेत. वास न्हाई आला म्हंजे पीत न्हाई असं थोडंच हाय?"

"तुम्ही चालून दाखवा," सर म्हणाले.

"आँ?"

"इथून त्या काट्यापर्यंत. टाचेला अंगठा लावून. सरळ रेषेत."

हमाल जमले. चेष्टेचा विषय आपण होणार हे आडत्याला उशिरा कळलं. देह मोठा आणि चप्पल सैल. तिसऱ्याच पावलाला त्याने पोत्याचा आधार घेतला.

"सकाळी किती घेतलीत?" सरांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

हमाल हसले. आडता हसला नाही, पण पुढच्या आठवड्यापासून सोपानरावांना बसून करायचं काम मिळालं.

परत येताना रिक्षात सर स्वतःहून बोलले, तेही रस्त्याकडे बघत. त्यांचे वडील खडकीजवळ एका सुट्या भागांच्या छोट्या कारखान्यात लेथवर कातारी होते. त्यांनाही असंच गेटवरून परत पाठवायचे. शेवटी कामावर पिऊन येतो म्हणून काढून टाकलं. "त्या काळी तपासणी वगैरे नव्हती," सर म्हणाले. माझ्यासारख्या आकडेवालीच्या डोक्यात तेव्हाच निम्म्याचा हिशोब यायला हवा होता. आला नाही. सर फरशीच्या सांध्यावरून माझ्यापेक्षा सरळ चालत.

मग मशीनचे काही भाग बदलले आणि आमची पंचाईत झाली. नवे आकडे जुन्यांशी जुळेनात. म्हणजे एखाद्या रुग्णात बदल दिसला तर तो रुग्णाचा की मशीनचा, हे सांगता येईना. उपाय मीच सुचवला. एकच निरोगी माणूस दर महिन्याला बोगद्यात झोपवायचा. त्याचा मेंदू तोच, तेव्हा त्याच्या आकड्यांत जी घट दिसेल ती मशीनची. तेवढी सगळ्यांच्या आकड्यांत मिळवून द्यायची. फूटपट्टी एक असली की झालं.

"मी झोपतो," सर म्हणाले. "मला लग्नकार्यं नाहीत, मुलांच्या परीक्षा नाहीत. मी कुठे जातोय?"

त्याचं सूत्र मी लिहिलं. एका पानात मावणारं, सुटसुटीत. मला त्याचा अभिमान होता, हे इथे सांगून टाकते.

त्याच सुमाराला सगळ्यांचे पहिले स्कॅन नव्याने झाले आणि रुग्णांना रोज वीस मिनिटं तोलाचे व्यायाम द्यायला सुरुवात झाली. दीड वर्षानंतर त्यांचे दुसरे स्कॅन झाले आणि माझ्या पडद्यावर जोडण्या वाढलेल्या दिसल्या. थोड्याच, पण जवळजवळ सगळ्यांच्या. हा आजार उतरणीचा. त्यात कोणी चढत नाही. मी तीनदा तपासलं. सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. त्यांना इतकं आनंदात मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

संचालकांनी सभागृह घेतलं. 'मेंदू सुधारतोय' असा फलक लागला. शाल, श्रीफळ, भाषणं. सर व्यासपीठावर दोन वाक्यं बोलून बसले. पण खाली उतरल्यावर ते सोपानरावांकडे गेले आणि म्हणाले, "तुमच्या जोडण्या सुधारल्यात. मी स्वतः बघितलंय."

सोपानरावांनी दुसऱ्या दिवशी काठी घरी ठेवली आणि एकटे मार्केट यार्डात गेले. डॉक्टर म्हणाला मेंदू सुधारला, मग काठी कशाला? पोत्यांच्या दोन थप्प्यांमध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं. तीन महिने अंथरुणावर, आणि नंतर चाकांची खुर्ची. आम्ही सगळे हळहळलो. अपघात कोणालाही होतो, असं म्हणालो.

निरोगी लोकांचे दुसरे स्कॅन त्यानंतर वर्षभराने झाले. त्यांच्याही जोडण्या वाढल्या होत्या. त्यांनी व्यायाम केला नव्हता, काहीच केलं नव्हतं. पुण्याच्या या हवेत, या रहदारीत, निरोगी माणसं आणखी निरोगी होत चालली होती. मी पडद्याकडे बघत बसले. राग आला, स्वतःच्या सूत्राचा.

मी चुंबकला बोलावलं. "मशीनमध्ये काही बिघाड?"

"नाही हो. दर आठवड्याला ती पाण्याची बाटली ठेवून तपासतो ना मी. भाग बदलल्यापासून केसाचा फरक नाही."

बाटली स्थिर होती. मशीन स्थिर होतं. सूत्र काढून टाकल्यावर निरोगी लोक जागच्या जागी आले आणि रुग्ण, आजाराच्या रीतीप्रमाणे, खाली. सोपानराव बरेच खाली. मग एकच माणूस राहिला, ज्याच्यावर सगळं मोजलं होतं. नि-१ तीन वर्षं सावकाश घसरत होता, आणि त्याची घसरण मी दर महिन्याला मशीनच्या नावावर टाकून इतरांना वाटत होते.

मी नि-१ चा फॉर्म काढला. चौदावा प्रश्न: 'कुटुंबात कोणाला या आजाराचं निदान झालं आहे का?' सरांच्या नेटक्या अक्षरात उत्तर होतं, 'नाही.' मग रजिस्टर उघडलं. दर महिन्याची नोंद, तेच दोन शब्द. 'काही नाही.' मी पानं भरभर उलटली. पहिल्या वर्षी अक्षरं ओळीवर उभी होती. तिसऱ्या वर्षी 'ह' ची शेपटी लांबली होती. शेवटच्या पानांवर 'काही' एका ओळीत होतं आणि 'नाही' खालच्या.

खाली कँटीनमध्ये गेले. इस्माईलभाई कप विसळत होते. मी काही विचारायच्या आत त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नळ बंद केला.

"सरांचं काय?"

"तुम्हाला काय माहीत?"

"मॅडम, मी कप कमी भरतो. दोन वर्षं झाली असतील. आधी एक बोट, आता दोन. ते पूर्ण म्हणतात, मी हो म्हणतो." मग थोड्या वेळाने, "मी कोणाला बोललो नाही. आपण काय डॉक्टर नाही."

कोट्यवधींच्या मशीनने, माझ्या एका पानाच्या सूत्राने आणि आमचा अभ्यास तपासणाऱ्या दोन समित्यांनी जे पाहिलं नव्हतं, ते या माणसाने किटलीच्या तोटीवर सांभाळून घेतलं होतं.

सरांच्या खोलीत गेले तर ते खिडकीशी बसले होते. मी आलेख टेबलावर ठेवला. "सर, नि-१ घसरतोय."

त्यांनी आलेख बघितला नाही. "किती दिवस?"

"तीन वर्षं तरी."

"इस्माईलला विचारलंत?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"कप हलका लागतो हो. इतकं हाताला कळतं अजून." त्यांनी आलेख माझ्याकडे सरकवला. "मला वाटलं होतं, वय. पन्नाशीत थोडं होतंच, असं वाटून घेतलं. फॉर्मवर 'निदान झालं आहे का' असं विचारलंय. बाबांचं निदान झालं नव्हतं. शब्दशः बरोबर आहे ते उत्तर."

"अहो सर!" मी ओरडलेच. "सोपानरावांनी काठी टाकली ती तुमच्या शब्दावर."

"हो."

"संशय आला तेव्हा बाजूला का नाही झालात?"

सर म्हणाले, "निरोग्यांच्या रांगेत बरं वाटत होतं, आकडे. आणि तुमचे ते चढते आकडे बघितल्यावर वाटलं, चढता येतं."

त्यांनी त्याच दिवशी रक्त दिलं. निकाल यायला तीन आठवडे लागले. निकालाचं पाकीट त्यांनी माझ्याकडून फोडून घेतलं. होतं तेच होतं.

संचालकांना हे सगळं ऐकून फार वाईट वाटलं, मुख्यतः फलकाबद्दल. "अगदी जाहीर मागे घ्यायला हवं का? पुढच्या अहवालात एक तळटीप टाकू. तुमच्या तब्येतीबद्दल संस्थेला सहानुभूती आहेच."

"तळटीप रु-नऊच्या घरी कोण वाचणार?" सर म्हणाले.

त्यांनी प्रत्येक रुग्णाला मराठीत पत्र लिहिलं. मी टाइप केलं, कारण अक्षर आता पोस्टमनलाही लागलं नसतं. पत्र लहान होतं. 'व्यायामाने तुमच्या मेंदूच्या जोडण्या सुधारल्या असं आम्ही सांगितलं होतं. ते चुकीचं होतं. माप चुकलं. ते माप मी होतो. मलाही हाच आजार आहे आणि मी तो वेळेवर सांगितला नाही. व्यायाम बंद करू नका, पण आधार सोडू नका.' मी म्हटलं, शेवटून दुसरं वाक्य काढू या. म्हणाले, "मग पत्र कशाला?"

सोपानरावांचं पत्र त्यांनी पोस्टात टाकलं नाही. आम्ही फुरसुंगीला गेलो. दोन नव्या इमारतींच्या मधे उरलेलं पत्र्याचं घर. सोपानराव खुर्चीत, शालनबाई मेथी निवडत बसलेल्या. सरांनी दारातच उभं राहून पत्र वाचलं. आवाज थोडा ओढत होता. कागद हलत होता. वाचून झाल्यावर शालनबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"म्हंजे तवा सुधारलं म्हनला, ते खोटं व्हतं?"

"हो."

"मानूस माझा मोडला की वो त्याच्यापायी."

"हो."

"आन् तुमालाबी ह्योच रोग हाय?"

"हो."

त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता बाहेर काढतील, आणि काढायलाच हवं होतं. त्या म्हणाल्या, "मग उभं कशापायी ऱ्हायलाय? पडाल. बसा खाली."

माफी वगैरे काही नव्हती त्यात. पडणाऱ्या माणसाला बसवायची सवय होती. सर बसले. सोपानराव इतका वेळ तोंड हलवत होते. शब्द बाहेर यायला त्यांना वेळ लागायचा. कोपऱ्यात उभी असलेली आपली काठी त्यांनी हाताने दाखवली.

"काठी... घ्या. आमास्नी आता... खुर्ची हाय." मग दम घेऊन, "कुनी काय बी... सांगू द्या. टाकू नगा."

सरांनी काठी घेतली. परतताना रिक्षात ती दोन्ही गुडघ्यांच्या मधे धरून बसले होते.

पुढच्या महिन्यात नि-१ रद्द झाला आणि यादीत सर्वांत खाली रु-अडतीस आला. फॉर्म मी भरून घेतला. चौदाव्या प्रश्नाला सर म्हणाले, "वडील. लिहा."

"निदान?"

"दारू."

मी पेन थांबवला.

"त्यांच्या कागदावर तेच आहे. तसंच लिहा. खाली माझी सही घ्या."

चुंबकने त्यांना आत सरकवलं. पंधरा मिनिटांनी बाहेर आले. उठून बसायला आम्ही दोघांनी धरलं. मी रजिस्टर घेतलं आणि पहिल्यांदाच त्यांना त्यांचा प्रश्न विचारला.

"आत काय विचार केलात, सर?"

मी 'काही नाही' लिहायच्या तयारीत होते.

"कारखान्याचं गेट," ते म्हणाले. शब्द जपून, एकेक. "मी बारावीत होतो. डबा द्यायला गेलो होतो. बाबा गेटबाहेर रस्त्यावर बसले होते, उठता येत नव्हतं. पोरं हसत होती. वॉचमनने मला विचारलं, तुझे कोण रे हे? मी म्हटलं, कोणी नाही. डबा तसाच घेऊन घरी आलो."

मी लिहिलं. ते लिहिताना माझं अक्षरही फारसं बरं आलं नाही. सरांनी रजिस्टर ओढून घेतलं, वाचलं, आणि "कोणी नाही"च्या खाली रेघ मारायचा प्रयत्न केला. रेघ शब्दांवरून गेली. तशीच राहू दिली.

फूटपट्टी पुन्हा लागणार होतीच. नवा नि-१ कोण, याची चर्चा झाली नाही. माझे आईवडील सत्तरीत टेकडी चढतात. तरी सरांनी माझं रक्त आधी तपासून घेतलं. आता दर महिन्याला मी आत झोपते आणि वर बघते. ठिपका फिकट झालाय. सर आठवड्यातून दोनदा येतात, व्हरांड्यातून भिंत धरून, काठी टेकत, आणि माझा स्कॅन असेल त्या दिवशी हटकून येतात.

परवा स्कॅन झाल्यावर खोलीत बसले आणि म्हणाले, "चहा."

मी कँटीनमध्ये गेले. इस्माईलभाईंनी कप घेतला. किटली हातात तशीच ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"सरांचा? किती भरू?"

"पूर्ण."

त्यांनी काठापर्यंत भरला. मी दोन पायऱ्या चढले, व्हरांडा ओलांडला. लोक भिंतीला लागले. दारातून आत गेले तेव्हा सर खुर्चीत पुढे वाकून बसले होते. कपाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. माझ्या पायांकडे बघत होते.